सोळा बसविले, आठच दिसले

संगणकाविषयी या सदराकडे जी पत्रे येतात त्यांपैकी एक तक्रार पुन्हा पुन्हा आढळते, आणि ती बहुधा रागाच्या भरात लिहिलेली असते. पैसे मोजून मेमरी आणली, ती रीतसर बसविली, आणि संगणक ती मानावयासच तयार नाही! दुकानातून दहा किलो गहू आणावेत, ते डब्यात ओतावेत आणि डबा पाच किलोवरच थांबलेला दिसावा, अशातला हा प्रकार. मग साहजिकच पहिला संशय तराजूवर जातो, दुसरा दुकानदारावर आणि तिसरा, जो सर्वांत वाईट, तो गहू उचलून आणणाऱ्या घरच्या माणसावर.

इच्छापोरच्या एका भगिनींचे पत्र या तिसऱ्या पायरीवर पोहोचलेले आहे, म्हणूनच ते यावेळी विस्ताराने घेत आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव. हल्ली इच्छापोर म्हटले की लोकांना तेथील हिऱ्यांचे आणि दागिन्यांचे औद्योगिक उपनगर आठवते. परंतु या भगिनींचा उद्योग हिऱ्यांचा नव्हे, साड्यांचा आहे. सुरतेतील छापखान्यांसाठी साड्यांची नक्षी त्या घरी बसून संगणकावर तयार करतात. यजमान हजिऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असून घराचा निम्मा भार या नक्षीकामावर आहे. त्यांच्या संगणकात चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकूण आठ जीबी मेमरी होती. काम रखडू लागले, तेव्हा उधन्यास राहणाऱ्या भाच्याने, म्हणजे त्यांच्या नणंदेच्या मुलाने, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आणून बसवून दिल्या. मदरबोर्डवर मुळात दोनच स्लॉट असल्याने जुन्या पट्ट्या काढाव्या लागल्या; त्या त्याने दुकानदारास परत देऊन तेवढी किंमत कमी करून घेतली. संगणक सुरू केला, काम मात्र पूर्वीइतकेच रखडत राहिले. कोणीतरी पाहून सांगितले की, "यात आठच जीबी चालते आहे." आणखी एका दुकानदाराने मदरबोर्ड बाद ठरवून नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला.

भगिनी लिहितात की, पूर्वी आठ होती, आताही आठच आहे, मग आम्ही पैसे कशाचे दिले? जुन्याच पट्ट्या पुन्हा खोचून ठेवल्या असतील काय, असे घरात कोणीतरी बोलून गेले, ते शब्द उधन्यास पोहोचले, आणि आता नणंदबाई भाऊबीजेस येतील की नाही याचीच चिंता आहे.

सुदैवाने या भगिनींनी एक मोठे शहाणपणाचे काम केले आहे. पडद्यावर काय लिहिलेले दिसते ते त्यांनी अक्षरशः उतरवून पाठविले आहे. 'विंडोज ७ होम बेसिक', त्याखाली 'चौसष्ट बिट', आणि मेमरीच्या ओळीत 'इन्स्टॉल्ड १६.० जीबी, त्यापैकी ७.८८ जीबी युजेबल'. एवढ्या माहितीवरून उत्तर देता येते, आणि ते असे की, भाच्याने सोळा जीबीच बसविली आहे. त्यात खोट नाही. मदरबोर्डही बाद नाही. आडवा आला आहे तो विंडोजचा परवाना.

हे कसे, ते समजण्यासाठी मेमरीचा हिशेब मुळापासून पाहू.

संगणकाची मेमरी म्हणजे लांबच लांब चाळ आहे असे समजा. प्रत्येक खोलीत एक अक्षर मावते आणि प्रत्येक खोलीस क्रमांक असतो. प्रोसेसरला एखाद्या खोलीतील ऐवज हवा असेल तर त्याला तो क्रमांक उच्चारता आला पाहिजे. जी खोली आहे पण जिला क्रमांकच नाही, ती प्रोसेसरच्या दृष्टीने नाहीच. तेव्हा मेमरी किती आहे हा एक प्रश्न आणि तिच्यापैकी किती खोल्यांना क्रमांक मिळाले हा दुसरा प्रश्न. या दोहोंतील अंतर हा काही आजचा रोग नव्हे.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात बनविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याच्या मेमरीत चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने अवघे दहा किलोबाइट. तेवढ्या खोल्यांना अकरा द्विमान अंक पुरतात. पुढे १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला. त्याच्या प्रोसेसरला पत्त्यासाठी वीस तारा होत्या, म्हणून १०,४८,५७६ खोल्या उच्चारता येत. परंतु त्यांतील वरचे क्रमांक पडद्यासाठी आणि यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी राखून ठेवलेले होते. माणसाच्या कामास उरत ६४० किलोबाइट. त्या काळी ज्यांनी संगणक हाताळला त्यांना हा ६४०चा आकडा अजून आठवत असेल. चाळीतील काही खोल्या मालकाने आपल्या भांड्याकुंड्यांसाठी अडवून ठेवाव्यात, तसेच ते.

इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरने पत्ता बत्तीस अंकी केला. बत्तीस द्विमान अंकांनी ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक होतात, म्हणजे बरोबर चार जीबी. त्या दिवसांत एवढी मेमरी घरात येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. वीस-बावीस वर्षांनी ती आली, आणि जुनाच प्रश्न मोठा होऊन उभा राहिला. चार जीबी मेमरी घातलेल्या बत्तीस बिटांच्या विंडोजवर सव्वातीन किंवा साडेतीनच जीबी दिसू लागली. कारण पडद्याचे कार्ड, जाळ्याचे कार्ड वगैरे उपकरणांनाही त्याच चार अब्ज क्रमांकांतून क्रमांक द्यावे लागतात. जेवढे त्यांना गेले तेवढ्या खोल्या मेमरीच्या बाजूने बिनक्रमांकाच्या राहिल्या. ग्राहकांची नाराजी इतकी वाढली की, २००८ साली विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सुधारणा-संचात कंपनीने पडद्यावरील आकडाच बदलला. वापरता येणारी मेमरी दाखविण्याऐवजी बसविलेली मेमरी दाखविण्यास सुरुवात केली! रोग तसाच, थर्मामीटर तेवढा बदलला. विंडोज ७ मध्ये मात्र दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिसू लागले, आणि हे ग्राहकाच्या दृष्टीने फार चांगले झाले. इच्छापोरच्या पत्रातील गुंता याच दोन आकड्यांनी सुटतो.

ज्यांच्या घरी आजही बत्तीस बिटांचे विंडोज असेल, त्यांनी चार जीबीच्या वर मेमरी घेऊन पैसा वाया घालवू नये. तेथे चौसष्ट बिटांचे विंडोज घालणे हाच उपाय. प्रोसेसर गेल्या पंधरा वर्षांतील असेल तर तो बहुधा चौसष्ट बिटांचा असतोच. विंडोज ११ तर चौसष्ट बिटांतच मिळते.

पण या भगिनींच्या पडद्यावर 'चौसष्ट बिट' असे स्पष्ट लिहिलेले आहे. मग अडले कोठे? अडले 'होम बेसिक' या दोन शब्दांत. विंडोज ७च्या अनेक आवृत्त्या होत्या आणि प्रत्येकीस मेमरीची मर्यादा ठरवून दिलेली होती. चौसष्ट बिटांच्या प्रोफेशनल आणि अल्टिमेट या आवृत्त्यांना १९२ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी, आणि होम बेसिकला अवघी ८ जीबी. ही होम बेसिक आवृत्ती भारतासारख्या देशांतील बाजारांसाठीच काढलेली होती. अमेरिकेतील ग्राहकाने तिचे नावही ऐकले नसेल. स्वस्त म्हणून ती आपल्याकडे हजारो घरांत गेली. ही मर्यादा तंत्राची नव्हे, व्यापाराची आहे. सोळाही खोल्यांना क्रमांक आहेत, किल्ल्याही आहेत, फक्त भाडेपट्टीत आठच लिहिल्या आहेत.

आता संशयाचा प्रश्न. 'इन्स्टॉल्ड' हा आकडा विंडोज स्वतः मोजून काढीत नाही. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील मूळ प्रणाली, जिला बायॉस म्हणतात, ती प्रत्येक स्लॉटमधील पट्टीची चौकशी करून एक नोंद करून ठेवते. विंडोज ती नोंद वाचून दाखविते. जुन्याच चार-चारच्या पट्ट्या परत खोचल्या असत्या, तर तेथे ८.० आले असते. एक नवी आणि एक जुनी असती, तर १२.० आले असते. १६.० आले आहे, याचा अर्थ आठ-आठच्या दोन पट्ट्या जागेवर आहेत आणि मदरबोर्डने त्या ओळखल्या आहेत. भाच्यावरील आरोपास तिळमात्र आधार नाही, हे नणंदबाईंना आधी कळवावे. संगणकाचे मागाहून पाहता येईल.

त्याच्या हातून एक गोष्ट राहिली, ती म्हणजे जुन्या पट्ट्यांची किती किंमत वळती झाली याचा लेखी कागद. नात्यातील व्यवहारात कागद मागणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. प्रत्यक्षात कागद असला म्हणजे मागून बोलण्याची वेळच येत नाही. असो.

कोणास माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल तर एक बिनखर्ची परीक्षा आहे. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली पेन ड्राइव्हवर घालून, संगणकातील काहीही न पुसता, तात्पुरती चालविता येते. सुरू होताना 'ट्राय', म्हणजे नुसते वापरून पाहा, असा पर्याय निवडावा. 'इन्स्टॉल' निवडू नये. नंतर प्रणालीची माहिती उघडली की, मेमरीच्या पुढे पंधरा-साडेपंधरा जीबीच्या आसपास आकडा दिसेल. तेच यंत्र, त्याच पट्ट्या, आणि विंडोज बाजूस सारताच सारी मेमरी हजर! ही परीक्षा भाच्यालाच बोलावून, सर्वांसमक्ष, त्याच्या हातून करवावी असे मी सुचवीन.

मेमरी एवढी लागते तरी कशाला, असेही पत्रात विचारले आहे. साधा हिशेब करू. साडेपाच मीटर लांब आणि एकशेदहा सेंटीमीटर रुंद साडी, आणि छपाईसाठी दर इंचास दीडशे ठिपके. लांबीत सुमारे ३२,४८० आणि रुंदीत सुमारे ६,५०० ठिपके पडतात. गुणाकार एकवीस कोटींच्या घरात. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरले तर चौऱ्याऐंशी कोटी बाइट, म्हणजे पाऊण जीबीच्या वर. ही झाली एक थर. पदर एका थरात, काठ दुसऱ्यात, बुट्टी तिसऱ्यात, जमीन चौथ्यात, शिवाय चुकल्यास मागे जाण्यासाठी आधीच्या अवस्था जपून ठेवायच्या. आठ जीबी केव्हा संपते ते कळत नाही. एका साडीच्या एका थरात ऐंशी हजारांवर टिफ्रॅकांची मेमरी खर्ची पडते! मेमरी संपली म्हणजे संगणक थांबत नाही. तो उरलेला ऐवज हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. ओट्यावर जागा नाही म्हणून परात माजघरात ठेवायची आणि दर पोळीस उठून जायचे, अशी स्थिती होते. काम रखडते ते यामुळेच. म्हणजे मेमरी वाढविण्याचा भाच्याचा सल्ला मुळातच योग्य होता.

मग आता करावे काय? येथे मला गोड बोलता येणार नाही. विंडोज ७ची सुरक्षेची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केली. होम बेसिकवरून वरच्या आवृत्तीवर जाण्याची जी अधिकृत सोय होती तीही उरलेली नाही. विंडोज १० होमला मेमरीची मर्यादा १२८ जीबी असल्याने ते घातल्यास सोळाही जीबी वापरता येतील. मात्र त्याचीही नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि जुन्या विंडोज ७च्या परवान्यावर ते फुकट मिळण्याचा मार्गही बंद झालेला आहे. विंडोज ११ त्यांच्या जुन्या प्रोसेसरवर कंपनीच्या नियमाप्रमाणे चालत नाही. लिनक्स फुकट आहे, सुरक्षित आहे, सोळाही जीबी वापरते. परंतु छपाईवाले ज्या कार्यक्रमातील फाइली मागतात तो तेथे बहुधा चालणार नाही.

या परिस्थितीत माझे मत असे. जवळ विंडोज १०चा खरा परवाना असलेला एखादा निकामी संगणक असेल तरी तो परवाना दुसऱ्या यंत्रावर चालेलच असे नाही, म्हणून आधी दुकानदाराकडून लेखी खात्री घेऊन मगच खर्च करावा. कवडीमोलाने परवान्याचे आकडे विकणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. परवाना मिळाल्यास हा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ नक्षीकामासाठी ठेवावा आणि फाइली पेन ड्राइव्हने न्याव्यात. तोवर आहे त्या आठ जीबीत काम सुसह्य करण्याचे दोन उपाय आहेत. पदर, काठ आणि बुट्टी या वेगवेगळ्या फाइलींत करून शेवटी एकत्र कराव्यात. आणि हार्ड डिस्क जुन्या फिरत्या चकतीची असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. माजघरात जाणे टळणार नाही, पण पावले कमी होतील. शिवाय ती पुढे नव्या संगणकातही उपयोगी पडण्याजोगी वस्तू आहे. मेमरीच्या या पट्ट्यांचे मात्र तसे नाही. त्या डीडीआर-३ जातीच्या आहेत. नव्या संगणकांत डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ लागते. खाच वेगळ्या जागी असल्याने त्या तेथे बसतच नाहीत. नवा संगणक घेण्याची वेळ एक-दोन वर्षांत येणारच. पण ती मदरबोर्ड बाद झाला म्हणून नव्हे, आणि आज कर्ज काढून तर मुळीच नव्हे.

आता इतर वाचकांसाठी. मेमरी कमी दिसली की चार आकडे क्रमाने मिळवावेत: पट्ट्यांवरील लेबलांची बेरीज, बायॉसने मोजलेली मेमरी, विंडोजचा 'इन्स्टॉल्ड' आकडा, आणि 'युजेबल' आकडा. घट कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये झाली ते कळले की, चोर कोणत्या खोलीत आहे ते कळते. बायॉस उघडण्यासाठी संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबावी. काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ-१० असते.

'इन्स्टॉल्ड' पूर्ण पण 'युजेबल' कमी, असे असेल तर पट्ट्यांना लगेच हात लावू नये. बत्तीस बिट आणि आवृत्तीची मर्यादा ही दोन कारणे वर आलीच. तिसरे कारण मानवी उत्साहाचे आहे. 'एमएसकॉन्फिग' नावाच्या खिडकीत, बूट या भागात, 'मॅक्झिमम मेमरी' अशी एक चौकट आहे. तिच्यात खूण करून मोठा आकडा भरला की संगणक वेगवान होतो, अशी एक समजूत पसरलेली आहे. ती चौकट वाढविण्यासाठी नाहीच. मर्यादा घालण्यासाठी आहे, आणि तीही परीक्षणाच्या सोयीसाठी. तेथील खूण काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. काही जुन्या मदरबोर्डांवर 'मेमरी रीमॅप' असा पर्याय बायॉसमध्ये असतो. उपकरणांनी क्रमांक अडविल्यामुळे बिनक्रमांकाच्या राहिलेल्या खोल्यांना चार जीबीच्या वरचे क्रमांक देण्याचे काम तो करतो. तो बंद असेल तर चालू करावा.

थोडी घट मात्र रास्त असते. पडद्याचे वेगळे कार्ड नसेल तर चित्रासाठीची मेमरी मुख्य मेमरीतूनच काढली जाते. सोळापैकी १५.८ दिसले तर तक्रार करू नये. काही यंत्रांत हा वाटा अर्धा ते दोन जीबीपर्यंत असतो आणि बायॉसमध्ये तो कमी करता येतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, आणि त्यात मेमरी, येथे 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून हा वाटा दिसतो. किती स्लॉटांपैकी किती भरले आहेत तेही तेथेच कळते.

लेबले सोळा म्हणतात आणि बायॉसच आठ म्हणतो, असे असेल तर प्रश्न पट्टीचा, स्लॉटचा किंवा मदरबोर्डाचा. येथे विंडोज पुन्हा घालून देतो म्हणणाऱ्यास नम्रपणे निरोप द्यावा. त्याने काही होणार नाही. सर्वांत सामान्य कारण म्हणजे पट्टी नीट न बसणे किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ धरणे. हजिरा-डुमस भागातील, किंवा कोणत्याही किनाऱ्यावरील, दमट खारी हवा आणि वर सूक्ष्म धूळ, मग आणखी काय हवे? संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढावा, चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज उतरू द्यावी. (हे काम सुरतेची कृत्रिम धाग्याची साडी नेसून करू नये, त्या दिवशी सुतीच बरी. स्थिर विजेची ठिणगी डोळ्यांस दिसणार नाही इतकी लहान असली तरी पट्टीस पुरते.) दोन्ही टोकांच्या कड्या उघडून पट्टी सरळ वर काढावी, दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत, चुरा झटकावा, स्लॉटातील धूळ कोरड्या मऊ ब्रशाने काढावी आणि दोन्ही कड्या 'टक्' करून मिटेपर्यंत पट्टी समान दाबाने बसवावी. निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

एवढ्याने भागले नाही तर एकच पट्टी घेऊन ती प्रत्येक स्लॉटमध्ये घालून पाहावी, नंतर दुसरी. एखादी पट्टी कोणत्याच स्लॉटात चालत नसेल तर दोष पट्टीचा; एखाद्या स्लॉटात कोणतीच पट्टी चालत नसेल तर दोष स्लॉटचा. चार स्लॉट असलेल्या बोर्डावर दोनच पट्ट्या घालायच्या असतील तर कोणत्या दोन स्लॉटांत घालाव्यात ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. स्लॉटाची एक जोडीच्या जोडी आंधळी झाली असेल तर प्रोसेसरखाली पाहावे लागते. आजकाल मेमरीचा कारभार प्रोसेसरच्याच पोटात असतो. त्याच्या बैठकीतील शेकडो बारीक तारांपैकी एखादी वाकली, तरी मेमरीचा अर्धा भाग नाहीसा होतो. हे काम मात्र घरी करू नये.

आणि मदरबोर्डाची स्वतःची मर्यादा असते, हे खरेदीपूर्वीच पाहावे. आपल्याकडे फार खपलेल्या जी-४१ जातीच्या बोर्डास आठ जीबी, एच-६१ जातीच्या बोर्डास सोळा जीबी. जी-४१ची आणखी एक खोड अशी की, चार जीबीची पट्टी जर दोन्ही बाजूंस मिळून सोळा चिपांची असेल तरच ती ओळखली जाते. आठ चिपांची नवी दाट पट्टी तो ओळखीत नाही. डीडीआर-३च्या काही स्वस्त पट्ट्या तर फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डावर त्या धोंड्यासारख्या पडून राहतात. स्वस्ताईचे रहस्य पुष्कळदा तेच असते. लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर मेमरी बोर्डावरच डाख देऊन बसविली आहे की स्लॉट मोकळा आहे, हे दुकानातच विचारावे. तेथे पुढे कोणताही भाचा काही करू शकत नाही.

या विषयावर पत्र लिहिणाऱ्यांनी वर सांगितलेले चारही आकडे, विंडोजचे पूर्ण नाव, ते बत्तीस बिटांचे की चौसष्ट बिटांचे, आणि मदरबोर्डाचा क्रमांक एवढे अवश्य कळवावे. पडद्यावरील ओळ आहे तशीच उतरवावी. 'मेमरी कमी दाखवतो' एवढ्यावरून काही सांगता येत नाही. बिलाची नक्कल पाठविली तरी चालेल, मूळ प्रत मात्र आपल्यापाशीच ठेवावी. पट्टी बदलून मागायची वेळ आली तर दुकानदार तीच मागतो.